झेंडावंदनासाठी भाड्याचा साउंड : भोंगे उत्तम, पेनड्राइव्ह तुमचाच बरा

दोन भोंगे, अँप्लिफायर, दोन माइक आणि ऑपरेटर, असं हे पॅकेज. आवाज मैदानभर स्वच्छ पोचतो. घोळ पेनड्राइव्हमध्ये. राष्ट्रगीताची अधिकृत वेळ सुमारे ५२ सेकंद; यांच्याकडे आलाप लावून लांबवलेली आवृत्ती. सगळे सावधान उभे आणि गीत संपेचना! २०२३ पासून राज्यगीत असलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’चंही तेच. दोन कडव्यांची, १.४१ मिनिटांची फाइल हवी. इथे पूर्ण गाणं. दोन्ही फाइल्स स्वतःच न्या. मोबाइल जोडणार असाल तर फ्लाइट मोडवर टाका. माइकचा एको आधीच शून्यावर आणायला लावा, नाहीतर भोंग्यातून परतणारा आवाज ऐकत पोरं रेंगाळतात आणि सूर-ताल दोन्ही सुटतात. भाडं मात्र वाजवी.