दातांचे देवमासे आणि गाळणीचे देवमासे: मेंदू व चेतांतील फरक

मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या (मज्जातंतूंच्या) १२ जोड्या सस्तन प्राण्यांत सहसा आढळतात, परंतु दातांच्या देवमाशांत, म्हणजेच डॉल्फिन व स्पर्म व्हेल यांच्या गटात, पहिली जोडी, वासाची, भ्रूणावस्थेतच विरून जाते आणि प्रौढ प्राण्यात घ्राणकंद, म्हणजे मेंदूचा वास ओळखणारा भाग, उरतच नाही. गाळणीच्या देवमाशांनी, म्हणजे दातांऐवजी तोंडातल्या गाळणीने पाण्यातून अन्न गाळून घेणाऱ्यांनी, ती राखली आहे. उत्तर ध्रुवाकडील बोहेड व्हेलमध्ये घ्राणकंद मेंदूच्या वजनाच्या सुमारे ०.१३ टक्के भरतो, तर माणसात तो जेमतेम ०.००८ टक्के असतो.

डॉल्फिनमध्ये सर्वांत जाड चेता आठवी, ऐकण्याची. त्यातही समतोलाचा धागा अगदी बारीक असून जवळजवळ सारा जाडपणा श्रवणतंतूंचा असतो. मध्यमेंदूतील श्रवणाचे उंचवटे दृष्टीच्या उंचवट्यांहून ठळकपणे मोठे दिसतात, कारण हा प्राणी प्रतिध्वनीवर शिकार शोधतो. गाळणीच्या देवमाशांत मात्र सर्वांत जाड असण्याचा मान पाचव्या चेतेकडे जातो, कारण प्रचंड जबडा, हिरड्या आणि ओठांवरील संवेदी केस यांची खबर तीच मेंदूला पोहोचवते.

वजनाच्या आकड्यांवर मी फारसा विसंबणार नाही, कारण दातांच्या एकाच गटातही ते फार वेगळे असतात: स्पर्म व्हेलचा मेंदू सुमारे ८ किलो, बाटलीनाक डॉल्फिनचा सुमारे १.६ किलो. दातांच्या व गाळणीच्या दोन्ही गटांत मेंदूचे बाह्यक (बाहेरचा थर) पातळ, पण कमालीचे घड्या पडलेले असते. डॉल्फिनमध्ये तर माणसाहूनही अधिक.