गुडघ्यांसाठी म्हणून विकली जाणारी जाड "ऑर्थो" योगा मॅट, इंदूरवाल्यांनो जरा जपून

२१ जून जवळ आला की बागेबागेत मॅटवाले उगवतात. त्यातल्या एकाने आमच्या सुदामा नगरकडच्या सकाळच्या ग्रुपला व्यवस्थित चुना लावलाय, म्हणून सविस्तर लिहितेय. घेणाऱ्या बहुतेक सगळ्या गुडघेवाल्याच होत्या, म्हंजे कुणाला काय बोललं की पाकीट उघडतं हे त्या माणसाला बरोब्बर ठाऊक होतं.

माझं दुखणं काही फार मोठं नाही, चालणं, जिने चढणं सगळं होतं, पण कडक जमिनीवर गुडघा टेकवला की वाटीखाली असली कळ जाते की विचारू नका. आणि घरात सगळीकडे कोटा स्टोन. मार्जारासन, उष्ट्रासन, सूर्यनमस्कारातलं अश्वसंचालन, जिथे जिथे गुडघा टेकवायचा तिथे तिथे माझं रडगाणं. चार एमएमची जुनी मॅट होती ती असून नसल्यासारखी. तर जाड मॅट घ्यायची हे डोक्यात होतंच.

टेबल मांडलेलं, मागे मोठ्ठा फ्लेक्स, त्यावर गुडघ्याचा एक्स-रे आणि लाल गोल. १२ एमएम, हाय डेन्सिटी, टीपीई, मेमरी फोम, आयुष अप्रूव्हड, सगळं एकाच फ्लेक्सवर. (टीपीई म्हणजे रबरासारखं लवचीक प्लास्टिक, ते आणि मेमरी फोम ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, पण असो. आणि आयुष मंत्रालयाचं ते योगा सर्टिफिकेशन बोर्ड योग शिकवणाऱ्यांना सर्टिफिकेट देतं, मॅटला नाही.) भाषा अशी गोड की बस, "माताजी, पहले घुटना रखिए, फिर बात करेंगे". सॅम्पल अंथरलेलं होतं लॉनवर. आता लॉनवर, खाली ओली माती, त्यावर गवत, तिथे साधी चादर टाकून गुडघा टेकवला तरी छानच वाटणार ना! शेजारी दहा पावलांवर फरसबंदीचा वॉकिंग ट्रॅक होता, पण तिकडे काही त्याने कुणाला टेकवू दिलं नाही, मॅट खराब होते म्हणे. एमआरपी ३९९९, योग दिवसाची खास किंमत १८९९. सॅम्पल हातात घेतलं तर चांगलं जड लागत होतं, आणि मिळाला सीलबंद रोल, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, "फ्रेश पीस है, घर जाके ही खोलिए, धूल लगेगी".

घरी उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे रोल उचलला तर हातात काही आल्यासारखंच वाटेना. कड बघितली तर ढोकळा कापल्यावर दिसते तशी जाळी, नुसती भोकं. मॅट दुहेरी करून परत दुहेरी केली, चार थर झाले, नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, तर तीन सेंटीमीटरच्या किंचित वर. १२ एमएमचे चार थर म्हणजे पावणेपाच सेंटीमीटरला जायला हवेत, म्हंजे एक थर जेमतेम ८ एमएमचा. मग बॅगा तोलायचा तो लटकवायचा काटा काढला, ८५० ग्रॅम. पाकिटावर छापलंय १.८ किलो. आणि कोटा स्टोनवर टाकून मार्जारासनात आले तर गुडघा दोन श्वासांत खाली जाऊन फरशीवर, वर तळवे पण रुतायला लागले त्यामुळे मनगटं दुखली ती वेगळीच. वृक्षासनात तर घोटा असा लटलटतो की भिंत धरावी लागते.

ह्यातलं खरं गणित मला नंतर भाच्याने समजावलं, तो फोमच्याच धंद्यात आहे. बाजारात ज्या स्वस्त जाड मॅट असतात, १० एमएम, १५ एमएम वगैरे, त्या बहुतेक एनबीआरच्या, म्हणजे नायट्राइल रबर फुगवून केलेला फोम. फुगवायला हवा लागते, मटेरियल नाही, त्यामुळे जाडी वाढवणं सगळ्यात स्वस्त पडतं. आडवं झोपून करायच्या व्यायामांना ती चालते, पाठीचा भार पसरलेला असतो, पण गुडघ्यावर आख्खं वजन वाटीएवढ्या जागेवर येतं, तिथले बुडबुडे चेपतात आणि मग जाडी कागदावर राहते. मॅटची साधारण साईज १८३ बाय ६१ सेंटीमीटर. ह्या साईजची ६ एमएमची बरी टीपीई मॅट किलोच्या आसपास भरते आणि ५ एमएमची नैसर्गिक रबराची मॅट अडीच किलोच्या आसपास. म्हंजे ६ एमएमवाली जेवढी भरते तेवढी १२ एमएमवाली भरत असेल तर तिच्यात जाडीच्या मानाने निम्मं मटेरियल, बाकी हवा, एवढं सरळ आहे. आमच्यावाली तर त्याहून हलकी.

आता स्टिकर. एमआरपीचं चकचकीत स्टिकर कोपऱ्यातून थोडं उचललेलं दिसलं, नखाने ओढलं तर खाली छापील एमआरपी ७९९. ७९९!! आणि त्याच्याखाली "मटेरियल : एनबीआर". म्हणजे टीपीई सुद्धा स्टिकरवरचीच. पॅकबंद मालावर छापील माहिती बदलायला असं वेगळं स्टिकर चिकटवता येत नाही, किंमत कमी करायची असेल तरच दुसरं स्टिकर चालतं आणि तेही मूळ एमआरपी न झाकता, हा २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांतला भाग आहे, नापतोल (वैधमापन) विभागाचा. बनवणाऱ्याचा किंवा इम्पोर्ट करणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन, हे सगळं पाकिटावर हवं. आमच्याकडे पत्त्याच्या जागी पण पांढरं स्टिकर.

मॅटवाल्याला फोन केला तर म्हणे "माताजी, यूज करते करते सेट हो जाएगी". फोम वापरून आणखी बसेल, घट्ट कसा काय होईल? पुन्हा फोन केला तर "नो रिटर्न, पर्ची पे लिखा है". पर्ची म्हणजे काय, "एस्टिमेट" असं वर लिहिलेला चतकोर कागद, ना जीएसटी नंबर ना दुकानाचं नाव. मग फोन उचलणंच बंद. ग्रुपमधल्या एका काकूंचा मुलगा वकील आहे, त्याने मेसेज टाकला तर त्यांना गुपचूप हजार रुपये परत आले, बाकीच्यांना ठेंगा. पर्चीवर "नो रिटर्न" लिहिलं की विषय संपला असं आपल्याला वाटतं, पण २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत येतं. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, मी तिथेच तक्रार नोंदवली, स्टिकर निघालेलं आणि न निघालेलं असे दोन्ही फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो, आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट, कारण पर्चीवर नाव नसलं तरी पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव त्यात येतं. कॅश दिलेल्या बायकांकडे ते पण नाही. हेल्पलाईनवर नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आता आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे विकणारा बाहेरगावचा असला तरी तक्रार इंदुरातच.

गुडघ्यांसाठी मॅट शोधत असाल तर माझं ऐकाल तर आधी वजन विचारा, जाडी नंतर. दुकानात फरशीवर अंथरायला लावा, अंगठ्याने नाही, गुडघ्याने दाबा आणि थोडा वेळ तसंच थांबा, खालची फरशी जाणवली की ठेवून द्या. जो पीस दाबून बघितला तोच घ्या, सीलबंद फ्रेश वगैरे नको. घट्ट ६ एमएम पुष्कळ झाली, आणि जिथे गुडघा टेकतो तेवढ्यापुरती चौपदरी सतरंजी किंवा सोलापुरी चादर. मी आता हेच करतेय, सिंथेटिक टॉवेल मात्र घेऊ नका, घसरतो. नैसर्गिक रबराची चांगली असते पण वास येतो, उन्हात टाकली की तडकते, आणि लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. गुडघा सुजत असेल, अडकत असेल तर मॅटवाल्याकडे नाही, आधी डॉक्टरकडे.

तक्रार अजून चालू आहे. परवा कुणीतरी सांगितलं की तोच फ्लेक्स, तोच एक्स-रे, आता दुसऱ्या एका बागेत लागलाय, आणि मॅटसोबत गुडघ्याचा मॅग्नेटिक पट्टा फ्री आहे. तुमच्याकडे त्या "एस्टिमेट" चिठ्ठ्या पडल्या असतील तर फेकू नका, मॅटचं पाकीट पण ठेवा, आणि कोपऱ्यातलं स्टिकर काढायच्या आधी एक फोटो काढून घ्या.