यूपीआय सर्कल : जॉबरच्या हातात खर्चाचा अधिकार द्यायचा असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पिकर (मागातला धोट्याला ठोका देणारा भाग) तुटला की माग थांबतो. पिकर किरकोळ वस्तू, जवळच्या दुकानात लगेच मिळते. पण मालक डाईंगवाल्याकडे बसलेले, फोन लागत नाही, आणि मागांची दुरुस्ती-देखरेख पाहणाऱ्या जॉबरच्या खिशात कारखान्याचे पैसे नाहीत. नुकसान पिकरचं नसतं, बंद मागाचं असतं. नेमक्या या अडचणीवर एनपीसीआयची, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेची, यूपीआय सर्कल ही सोय कामाची आहे. ती ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झाली. मालकाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाला स्वतःच्या फोनवरून पैसे देता येतात आणि मालकाचा पिन त्याला सांगावा लागत नाही.

सोय दोन प्रकारची आहे. अंशतः अधिकारात जॉबर पैसे पाठवायला घेतो, विनंती मालकाच्या फोनवर येते आणि मालकाने पिन टाकला तरच व्यवहार पुढे सरकतो. पूर्ण अधिकारात मालक आधी महिन्याची मर्यादा ठरवतो आणि तिच्या आत जॉबर परस्पर पैसे देतो. इथे कमाल मर्यादा महिन्याला 15,000 रुपये आणि एका व्यवहाराला 5,000 रुपये आहे.

मालकाला अंशतः अधिकार सुरक्षित वाटतो. कारखान्यासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. मालकाचा फोन लागेना म्हणून तर माग थांबला होता. आता मालकाचा पिन येईना म्हणून थांबेल. घ्यायचा तर पूर्ण अधिकारच घ्या. तो सगळ्या अ‍ॅपमध्ये नाही, भीम अ‍ॅपमध्ये आहे.

जोडणी सोपी आहे. जॉबरचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह असावा लागतो. त्याचा क्यूआर स्कॅन करायचा किंवा यूपीआय आयडी टाकायचा, मर्यादा भरायची, आपला पिन टाकायचा आणि त्याने त्याच्या फोनवर ते स्वीकारायचं. पहिले 24 तास मर्यादा कमी असते, म्हणून ऐन गरजेच्या दिवशी जोडणी करायला बसू नका. एक मालक पाच जणांना जोडू शकतो, पण एक माणूस एकाच मालकाच्या सर्कलमध्ये राहू शकतो. जॉबर आधीच घरच्या कुणाच्या सर्कलमध्ये असेल तर तुमची विनंती त्याला घेता येणार नाही. हे आधी विचारून घ्या.

खरं काम मर्यादा ठरवण्यात आहे. मागच्या तीन महिन्यांची रोजखर्चाची वही काढा. पिकर, बेल्ट, बेअरिंग, सुतळी, टेम्पोभाडं, हमाली, चहा असा परत परत येणारा खर्च वेगळा मांडा. तो महिन्याला 8,000 निघत असेल तर मर्यादा 10,000 ठेवा. उगाच पूर्ण 15,000 नको, आणि भीतीपोटी 3,000 पण नको. दहा तारखेलाच मर्यादा संपली तर जॉबर पुन्हा तुमच्या दारात. सूत, रंग आणि कामगारांची उचल यातून द्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. उचल तर मालकानेच द्यावी. जॉबर उचल देऊ लागला की ज्याला काम सांगायचं त्याच्याशीच त्याचा देण्याघेण्याचा हिशोब सुरू होतो, आणि मग शिस्त राहत नाही.

ही व्यवस्था मोडते ती बहुधा मालकाच्या फोनमुळे. प्रत्येक व्यवहाराची सूचना येते आणि मालक लगेच विचारतात, "हे कशाला घेतलं?" असे चार-पाच फोन झाले की जॉबर आधी विचारून मगच खर्च करू लागतो. मर्यादा तशीच राहते, अधिकार मात्र गेलेला असतो. सूचनेचा आवाज बंद ठेवा. आठवड्याच्या पगाराच्या दिवशी दिवाणजी आणि जॉबरबरोबर बसून सगळे व्यवहार एकदाच बघा. चुकीचा खर्च दिसला तर नियम बदला, अधिकार काढून घेऊ नका.

बिलाचं मात्र कडक ठेवा. खात्यात फक्त दुकानाचं नाव आणि रक्कम दिसते, माल दिसत नाही. फर्मच्या नावाचं, जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल नसेल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, बुडालं. बिलाचा फोटो त्याच दिवशी दिवाणजीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला पाहिजे. घरखर्चाचं खातं जोडू नका, नाहीतर मार्चअखेर सीए प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत बसतील. वेगळं खातं ठेवा आणि त्यात महिन्याच्या मर्यादेपेक्षा थोडीच जास्त शिल्लक असू द्या. म्हणजे मालकाची झोपही उडत नाही.

दोन सह्यांवर चालणाऱ्या भागीदारी फर्मला किंवा प्रायव्हेट लिमिटेडला हे नको. त्यांनी बँकेची कॉर्पोरेट नेट बँकिंग घ्यावी. त्यात एक जण व्यवहार भरतो आणि दुसरा मंजूर करतो.

उणीव सांगायची तर एकच मर्यादा सगळ्यांना लागू आहे. आठ मागांच्या कारखान्याला 15,000 पुरतात. अठ्ठेचाळीस मागांना पुरत नाहीत, आणि मोटार जळाली तर रिवाइंडिंगचं बिल 5,000 च्या वर जाऊ शकतं. तिथे बिलाचे दोन तुकडे करू देऊ नका. एकदा ती सवय लागली की कुठल्याच मर्यादेला अर्थ उरत नाही. अशा बिलासाठी जॉबरने मालकाला फोन करावा, आणि तो मालकाने उचलावा. जॉबर काम सोडून गेला तर हिशोब चुकता करण्याआधी, त्याच दिवशी अ‍ॅपमधून त्याचं नाव काढा.