वेबरिंग आणि मॅस्टोडॉनची जोडी: काही महिने चालवून पाहिल्यावर

तीन बटणं: मागची साइट, पुढची साइट आणि 'कुठलीही एक'. एका आवडीच्या लोकांच्या साइट्स गोलाकार जोडायच्या, एवढाच वेबरिंगचा कारभार. १९९५ मध्ये सेज वाइलने अशा रिंगांसाठी सेवा सुरू केली. पुढे ती जिओसिटीजकडे आणि १९९९ मध्ये जिओसिटीजसकट याहूकडे गेली. याहूने २००० मध्ये तिची रचनाच बदलली आणि पुढच्या वर्षी तिच्यातून अंगही काढून घेतलं. असंख्य रिंगा एकाच सर्व्हरच्या आधाराने फिरत होत्या, त्यामुळे मालकाने घेतलेला निर्णय सगळ्यांना भोवला.

आमच्या रिंगेत सदस्यांची यादी म्हणजे एक साधी जेसन फाइल (प्रोग्रामला वाचता येईल अशी मजकुराची यादी), आणि मॅस्टोडॉनवर, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर जोडून बनलेल्या सोशल नेटवर्कवर, रिंगेचं स्वतःचं खातं. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. सदस्याने प्रोफाइलमध्ये साइटचा पत्ता द्यायचा आणि साइटवरून 'रेल-मी' (हे खातं माझंच, असं सांगणारी कोडमधली खूण) लावलेला दुवा प्रोफाइलकडे परत द्यायचा. दोन्ही बाजू जुळल्या की पत्त्याशेजारी हिरवी खूण येते. साइट आणि खातं एकाच माणसाचं आहे हे मला कुणाला विचारावं लागत नाही. ही सोय मला सगळ्यात आवडली.

बटणांवर मात्र फारसं कुणी क्लिक करत नाही. माझ्याकडे येणारे वाचक बहुतेक रिंगेच्या खात्याने बूस्ट केलेल्या, म्हणजे आपल्या फॉलोअर्सना पुढे पाठवलेल्या, पोस्टवरून येतात. तरी बटणं काढणार नाही, दिसतात छान.

खरा फरक पडतो तो साइट बंद पडल्यावर. पूर्वी पान गेलं की त्याच्यावरची बटणंही जायची आणि पाहुणा तिथेच अडकायचा. आता एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, रोज रात्री सगळे पत्ते तपासते, बंद पत्ता ओलांडून पुढे जाते आणि मला कळवते. मग मी त्या सदस्याला मॅस्टोडॉनवर दोन ओळी टाकते. डोमेनचं नूतनीकरण राहून गेलंय, असं उत्तर बऱ्याचदा त्याच संध्याकाळी येतं. जुन्या रिंगांत मालकाचा ईमेलच मेलेला असायचा.

डोकेदुखी झाली ती स्थलांतराची. एका सदस्याचा सर्व्हर बंद व्हायचा होता, म्हणून तो दुसरीकडे गेला. फॉलोअर्स आपोआप नव्या खात्यावर आले, जुन्या पोस्ट आल्या नाहीत आणि आमच्या यादीत जुनंच हँडल (खात्याचं नाव) राहिलं. तेव्हापासून यादीत ओळख म्हणून डोमेनच ठेवलंय, हँडल फक्त संपर्कापुरतं. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर हे जास्त सोपं जातं, कारण डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेत) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकली की डोमेन हेच हँडल होतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. दुवा बूस्ट झाला की तो पोहोचलेला प्रत्येक सर्व्हर प्रीव्ह्यूसाठी ते पान स्वतंत्रपणे मागतो. नुसत्या एचटीएमएल पानांच्या साइट्सना त्याचं काही वाटत नाही. पण दर वेळी डेटाबेसमधून पान बनवणारी साइट स्वस्तातल्या होस्टिंगवर असेल तर धापा टाकते. अशा सदस्यांना मी आधी कॅशिंग (एकदा बनवलेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) लावायला सांगते, नाहीतर बूस्ट करत नाही.

नव्या साइट्स घ्यायच्या की नाही हे अजून मीच वाचून ठरवते. ते काम ॲक्टिव्हिटीपब, म्हणजे मॅस्टोडॉनचे सर्व्हर एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ती, करून देत नाही आणि मला ते कुणा स्क्रिप्टकडे द्यायचंही नाही. यादीची फाइल मात्र सार्वजनिक रेपोमध्ये (कुणालाही उतरवून घेता येणाऱ्या फाइलींच्या साठ्यात) ठेवलीय, माझा उत्साह ओसरला तर कुणीही तीच यादी उचलून रिंग पुढे चालवू शकेल.