गुडघ्याचं अ‍ॅक्युपंक्चर: पावसाळा संपल्यावरचा हिशेब

बेल बसवा. सोलापुरातल्या ज्या सेंटरला मी उन्हाळ्यापासून गुडघ्यासाठी जाते आहे, तिथल्या अभिप्रायाच्या वहीत मी दर वेळी हेच लिहून येते. एसी आहे, चादरी धुतलेल्या असतात, प्यायला गार पाणी आहे, भिंतीवर माणसाच्या अंगावरच्या, सुया टोचायच्या बिंदूंचा आणि रेषांचा पुरुषभर उंचीचा तक्ता आहे. पण पलंगाशी बेल नाही. पायात सुया, सुयांना क्लिपा, क्लिपांना करंट देणाऱ्या मशीनच्या वायरी, आणि सुया घालणाऱ्या मॅडम पडदा ओढून पलीकडच्या पेशंटकडे. मग वीस-पंचवीस मिनिटं आपण आणि छत.

गेल्या आठवड्यात लाइट गेली. आमच्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मशीन सेलवर चालणारं, त्यामुळे पायातली टकटक चालूच. एसी मात्र बंद, अंधार, आणि नाकावर डास. त्या दिवशी हातांतही अंगठ्याजवळ एकेक सुई होती, त्यामुळे त्याला हाकलताही येईना. "मॅडम" म्हणून हाक मारली, "अहो ताई" म्हणून हाक मारली. रिसेप्शनवरची मुलगी जनरेटरचं बघायला खाली गेलेली, मॅडम जिन्यात फोनवर. झालं काहीच नाही, घामाने भिजले इतकंच. पण काहींना सुया लागल्यावर बीपी एकदम उतरून चक्कर येते. त्यावर करायचं ते सोपं असतं: सुया काढायच्या, माणसाला आडवंच ठेवायचं, पाय उंच करायचे. फक्त ते करायला कुणीतरी आत यावं लागतं. वायरलेस बेल दोन-अडीचशे रुपयांत मिळते. मीच आणून लावते म्हटलं, तर "सरांना विचारावं लागेल." सर म्हणजे मालक. ते मला आजवर फक्त क्यूआर कोडखालच्या नावात भेटलेत.

तर त्या रागात एकच स्टार द्यायला बसले होते. पण गुडघ्याचंही ऐकायला हवं.

माझी केस साधी. उजव्या गुडघ्याची झीज, एक्स-रेत दिसणारी, ऑपरेशन लांब आहे असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेली. वजन कमी करा, व्यायाम करा, फारच दुखलं तर गोळी घ्या. गोळीने गुडघा दुखायचा थांबायचा आणि पोट पेटायचं. मांडी घालून बसणं बंद झालं होतं, जिना उतरताना कठडा लागायचा. शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी या सेंटरचं नाव सांगितलं. एका सिटिंगचे ५०० रुपये, दहाचं पॅकेज ४,०००, पैसे आधी.

सुयांची भीती ज्यांना वाटते त्यांनी ती सोडावी. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिच्या टोकाला धार असते. ही भरीव आणि केसासारखी, जाडी पाव मिलिमीटर. बारीक नळीतून टिचकी मारून घालतात, ती टिचकीच जास्त कळते. नंतर आत एक जड, मुरल्यासारखा ठणका येतो. मॅडम विचारतात, "आलं का जड?" आलं की त्या पुढच्या सुईकडे जातात. झटका बसल्यासारखं किंवा आगीसारखं काही वाटलं तर मात्र लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही. माझ्या गुडघ्याच्या वाटीखालच्या दोन खळग्यांत एकेक, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक (त्या बिंदूला मॅडम एसटी ३६ म्हणतात), आतल्या अंगाला एक, घोट्याच्या वर एक. कधी कधी पोटरीवर निळा डाग पडतो, चार-पाच दिवसांत जातो.

पहिली काही सिटिंग काहीच झालं नाही. ४,००० रुपये गेले असं मी घरात जाहीरही केलं. मग एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढले आणि वर आल्यावर लक्षात आलं की कठडा धरला नव्हता. पॅकेज संपेपर्यंत गोळी जवळजवळ सुटली. इथे मी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, ओळखीच्या दोघींना पाठवलंसुद्धा.

त्यानंतर आषाढात घरी पाहुणे, पुतणीचं लग्न ठरलं, जाणं थांबलं. तीन-चार आठवड्यांनी दुखणं परत आलं. पूर्वीइतकं नाही, पण आलं. आणि याच काळात मुलाने जर्मनीतला एक अभ्यास वाचून दाखवला, तेव्हापासून माझं मत एका जागी राहिलेलं नाही.

अभ्यास गुडघ्याच्या झिजेवरचाच, २००६ साली प्रसिद्ध झालेला. १,००७ पेशंट, तीन गट. एका गटाला चिनी पद्धतीने नेमक्या जागी सुया. दुसऱ्याला सुया खऱ्याच, पण बिंदू नसलेल्या जागी आणि वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला सुयाच नाहीत, नुसती डॉक्टरांची भेट. फिजिओथेरपी आणि लागेल तशी गोळी तिघांनाही होती. २६ आठवड्यांनी मोजलं तर ठरवलेल्या मापाने सुधारलेले लोक पहिल्या गटात ५३.१ टक्के, दुसऱ्यात ५१ टक्के, तिसऱ्यात २९.१ टक्के. म्हणजे सुया लावलेल्यांना फायदा जवळजवळ दुप्पट, पण सुई कुठे लागली याला फारसं महत्त्व नाही! भिंतीवरच्या त्या पुरुषभर तक्त्याकडे मी त्यानंतर जरा वेगळ्या नजरेने बघते.

गंमत पुढेच आहे. जर्मनीने २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर सरकारी आरोग्य विम्यात घेतलं. इंग्लंडमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये झिजेच्या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं लिहिलं, कारण तुलनेसाठी लावलेल्या नावापुरत्या सुयांपेक्षा ते फार सरस ठरत नाही. डोकेदुखीत मात्र त्याच संस्थेने मायग्रेन टाळण्यासाठी दहा सिटिंगपर्यंत विचार करा असं २०१२ मध्ये सांगितलं होतं. जर्मनीने विचारलं "पेशंटला बरं वाटतं का", नाइसने विचारलं "ते सुईमुळेच वाटतं का". माझ्यासारख्या जिना चढणाऱ्या बाईला पहिला प्रश्न पुरतो. पण ४,००० रुपये देणाऱ्या बाईला दुसराही पडतो, आणि दुर्दैवाने दोघी एकच आहेत.

शिवाय मॅडमनी पहिल्याच दिवशी एक व्यायाम दिला होता: पाय सरळ ताणून वर उचलायचा, धरायचा, सावकाश खाली. तो मी रोज करत होते आणि लग्नाच्या गडबडीत तोही सुटला होता. तेव्हा गुण सुयांचा की मांडीच्या स्नायूंचा, हे माझ्यापुरतं तरी सुटणार नाही. मी दोन्ही पुन्हा सुरू केलं. पंधरवड्यात जिना परत जमला. मांडी अजून जमत नाही. झिजलेलं हाड भरून येईल असं मॅडम स्वतः कधी म्हणाल्या नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. "गुडघा नवा होईल" म्हणणारे बोर्ड गावात पुष्कळ आहेत, तिथे चप्पलसुद्धा काढू नका.

पैशाबद्दल. पॅकेज घेण्याआधी "फरक नाही पडला तर कितव्या सिटिंगला थांबायचं?" हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर सुटं सिटिंग घ्या, महाग पडलं तरी. अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्याने २०२० पासून जुनाट कंबरदुखीला ९० दिवसांत १२ सिटिंग दिली आहेत. सुधारणा दिसली तरच पुढची ८, नाहीतर बंद. ही अक्कल आपल्याकडच्या पॅकेजात नाही. इथे दहा संपली की "अजून दहा घ्या, टिकाऊ होईल" असा फोन येतो. आणि मेडिक्लेमवर विसंबू नका. आपली नेहमीची पॉलिसी भरती झालेल्या पेशंटची, आणि आयुष म्हणून जे मिळतं त्यात आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी वगैरे आहेत, अ‍ॅक्युपंक्चर नाही.

सुयांचं पाकीट कोणाच्या समोर फोडतात ते बघा. इथे मॅडम सीलबंद पाकीट माझ्यासमोर फाडतात, मी एकदा तारीखही वाचून घेतली. काम झालं की सुया पांढऱ्या जाड डब्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत टोकदार वस्तूंना तोच डबा सांगितला आहे. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेले होते, तिथे प्रत्येक पेशंटच्या नावाची बाटली आणि त्यात त्याच्याच सुया, दहाही सिटिंगला त्याच. "तुमच्याच तर आहेत." मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणारी बाई आहे, पण तिथून उठून आले. नावाची चिठ्ठी गळून पडली तर हेपटायटिस बी कोणाचा कोणाला जाईल ते सांगता येत नाही, आणि सबंध पाकीट काही सोन्याचं नसतं.

टोचणाऱ्याकडे रजिस्ट्रेशन मागा. बंगालने १९९६ मध्ये कायदा केला, आपल्याकडे २०१५ चा महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम आहे आणि त्याखाली परिषद आहे. केंद्राने २०१९ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. म्हणजे "आमच्यात रजिस्ट्रेशन वगैरे नसतं" हे कोणी म्हणालं तर ते खरं नाही. मॅडमचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, काचेत.

त्याच भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे आणि खाली "अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणणारे सोलापूरचे सुपुत्र". सुपुत्र बरोबर, बाकीचं नाही. कोटणीस सर्जन होते, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पथकातल्या पाच जणांपैकी कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे १९५८च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, शिकले आणि त्यांनी ही विद्या इकडे आणली. मी हेही वहीत लिहिलंय. बेलच्या खाली.

आता कोणी जपून राहावं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावून घेऊ नका. गरोदर असाल तर बोललंच पाहिजे, काही बिंदू टाळतात. उपाशीपोटी जाऊ नका. सोमवारचा उपवास धरून गेलेली एक मुलगी माझ्यासमोर पांढरीफटक पडली होती. आणि गुडघा एकाएकी सुजला, लाल झाला, ताप आला तर सुयांच्या नादी न लागता डॉक्टर गाठा.

एकूण साडेतीन स्टार. अर्धा बेलचा कापलाय, एक पॅकेजचा. बेल लागली तर अर्धा लगेच परत देईन.

दुसऱ्या पॅकेजातली काही सिटिंग उरली आहेत आणि सध्या मला त्यांची गरज नाही. ती आमच्या ह्यांच्या आखडलेल्या खांद्याला वापरू द्या म्हटलं, तर "पॅकेज ट्रान्सफर होत नाही." पावतीवर तसं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटल्यावर होतं झालं. ह्यांना साखर आहे, तळपायाला नीट कळत नाही, म्हणून शेकायचा लाल दिवा पायांवर नको हे मी फाइलवर लिहून घेतलं. खांद्याच्या माथ्यावरच्या बिंदूला, तो जीबी २१, सुई खोल घालू नका असंही सांगितलं. त्याच्या खालीच फुप्फुसाचं टोक असतं आणि तिथे चूक झाली तर छातीत हवा भरते. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "तिथे मी तिरपीच घालते." बरं वाटलं. खांद्याचं काय होतं ते दिवाळीनंतर इथेच लिहीन.