कॉलेजच्या लॅबमधले कम्प्युटर सर्नच्या कामाला: एलएचसी ॲट होम, कॉन्डोर की क्लाउड?

नाशिकमधल्या बहुतेक सायन्स आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कम्प्युटर लॅब संध्याकाळी कुलूपबंद होतात. ती यंत्रं रात्री कणभौतिकीच्या गणनेला लावायची असतील, तर आधी एक ठरवा: सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेला हातभार लावायचाय, की मुलांना ही व्यवस्था आतून शिकवायचीय? उत्तर बदललं की पर्यायही बदलतो.

हातभार लावायचा असेल तर एलएचसी ॲट होम: सर्नच्या एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या महायंत्राची गणितं लोकांच्या रिकाम्या कम्प्युटरांवर सोडवणारा प्रकल्प. हा प्रकल्प 2004 साली, सर्नच्या पन्नाशीच्या वर्षी सुरू झाला. कामं उतरवून घेणारं आणि उत्तरं परत पाठवणारं बॉइंक हे सॉफ्टवेअर बसवलं की झालं. एलएचसीच्या 27 किलोमीटरच्या कड्यात प्रोटॉन लाखो फेऱ्या मारताना स्थिर राहतात की भरकटतात, हे सिक्सट्रॅक नावाचा प्रोग्रॅम मोजतो. डेटा थोडा, आकडेमोड प्रचंड, म्हणून घरगुती यंत्रांना हे काम मानवतं. एकच काम दोन यंत्रांना देऊन उत्तरं जुळवली जातात. पण वेगवेगळ्या प्रोसेसरांवर शेवटच्या दशांशात फरक पडला तरी लाखो फेऱ्यांनंतर कणाचा मार्गच वेगळा निघतो. त्यासाठी सगळीकडे तंतोतंत एकच उत्तर देणारी गणिती फंक्शन्स वापरावी लागली. मला या प्रकल्पातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अडचण अशी की विद्यार्थ्याला पडद्यावर फक्त टक्केवारी सरकताना दिसते. एलएचसीवरच्या ॲटलास प्रयोगाची कामं घ्यायची तर व्हर्च्युअल मशीन (कम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कम्प्युटर) आणि भरपूर मेमरी लागते; जुन्या यंत्रांनी त्या वाटेला जाऊ नये.

शिकवायचं असेल तर स्वतःचा एचटीकॉन्डोर (थोडक्यात कॉन्डोर) पूल, म्हणजे कामं वाटून घेणाऱ्या यंत्रांचा गट, उभारा. हे सॉफ्टवेअर 1980च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात जन्मलं, तेच मुळी रिकाम्या बसलेल्या यंत्रांसाठी. आज सर्नमधली बॅच कामंही (रांगेत लावून आपोआप चालणारी) त्यावरच चालतात. कामाला काय हवं आणि यंत्राकडे काय आहे, हे दोघेही जाहीर करतात आणि कॉन्डोर त्यांची गाठ घालून देतो.

एलएचसीच्या ग्रिडचा, म्हणजे जगभरच्या कम्प्युटर केंद्रांच्या जाळ्याचा, इतिहासही इथे छोट्या प्रमाणात अनुभवता येतो. 1999च्या सुमाराचा आराखडा उतरंडीचा होता: वर सर्न, मग मोठी राष्ट्रीय केंद्रं, खाली विद्यापीठं. नेटवर्क अपेक्षेपेक्षा वेगवान निघालं, तशी उतरंड सैलावली आणि केंद्रं थेट एकमेकांशी बोलू लागली. दूरच्या बिघडलेल्या यंत्रावर कामं पडून वाया जात, म्हणून 'पायलट' आले. आधी एक हलका प्रोग्रॅम जाऊन यंत्र तपासतो आणि सगळं ठीक असेल तरच खरं काम ओढून घेतो. जूनमधल्या वादळी पावसात लॅबची वीज गेली की कॉन्डोर अर्धवट राहिलेलं काम पुन्हा रांगेत लावतो. बिघाड गृहीत धरून व्यवस्था कशी बांधतात, हे मुलांना तिथे प्रत्यक्ष दिसतं.

विश्लेषणाला खरा डेटाही आहे. सर्नचं ओपन डेटा पोर्टल 2014पासून खुलं आहे आणि 2024 साली ॲटलासने 2015-16च्या टकरींचा 65 टेराबाइट डेटा तिथे ठेवला. सगळा उतरवायला जाऊ नका. निवडक फायली घ्या आणि हिग्ज कणाच्या चार लेप्टॉनांच्या (इलेक्ट्रॉन, म्युऑनसारख्या कणांच्या) उदाहरणापासून सुरुवात करा.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली यंत्रं, हा तिसरा पर्याय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तोंडावर आलाय आणि लॅब मिळत नाही, एवढ्यापुरताच तो ठीक. तासागणिक भाडं चढतं, डेटा बाहेर काढण्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात.

अधिकृत ग्रिड केंद्र होण्याचा विचार मात्र सोडून द्या. मुंबईत टीआयएफआर ही संशोधन संस्था एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्यात व्हीईसीसी ही संस्था तिथल्याच ॲलिस प्रयोगासाठी असं केंद्र चालवते. त्यासाठी अहोरात्र माणसं आणि तगडं नेटवर्क लागतं.

माझं मत कॉन्डोरला. एलएचसी ॲट होम हवं तर ऑफिसातल्या दोनतीन नव्या यंत्रांवर जोडीला चालू द्या. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, वीजबिलाची कल्पना आधीच द्या, आणि सुरुवात पाचसहा यंत्रांवर पावसाळ्यात करा. एप्रिल-मेमध्ये एसी बंद असलेल्या लॅबमध्ये रात्रभर पूर्ण भार टाकणं यंत्रांना सोसणार नाही.