पैठणचा गावातला नाथवाडा: घाईत उरकू नका

5 पैकी 5 स्टार. पैठणला येणारे बरेच जण गोदाकाठी संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन घेतात, पैठणी बघतात, जायकवाडीला चक्कर मारतात आणि निघतात, गावातला नाथांचा वाडा एकतर राहून जातो नाहीतर पाच मिनिटात उरकतात. आम्ही पॅकेजच्या गाडीने आलो तर ड्रायव्हरदादाला साड्यांच्या शोरूमचीच घाई, शेवटी गाडी सोडून दिली आणि बसने परत गेलो.

आता हे मंदिर आहे, विजयी पांडुरंगाचं दर्शन तर घ्याच, पण जरा घर म्हणून पण बघा ना. सोळाव्या शतकात इथं माणसं नांदत होती. भानुदास महाराजांचं हे घराणं, म्हणजे ज्यांनी विजयनगरहून विठ्ठल परत पंढरीला आणला असं सांगतात ते, नाथ त्यांचे पणतू. आईवडील लहानपणीच गेले, आजीआजोबांनी वाढवलं, मग देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकले आणि परत येऊन गिरिजाबाईंसोबत संसार मांडला. प्रपंच सांभाळून 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, नकला करता करता त्यात कुणाचं काहीबाही शिरलं होतं ते सगळं निवडून काढलं, आज आपण जी वाचतो तिच्यामागे हे काम आहे. श्राद्धाचा स्वयंपाक वासावर आलेल्या भुकेल्या महार कुटुंबाला आधी वाढला म्हणून गावातले ब्राह्मण रुसले, ती गोष्ट पण याच घरची. त्या काळात असं वागायला लई मोठं काळीज लागतं, आणि गिरिजाबाईंचं नाव त्यात लोक घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं, रांधलं वाढलं त्यांनीच की.

आतला रांजण चुकवू नका. देव श्रीखंड्या होऊन 12 वर्षं कावडीने गोदेचं पाणी यात भरत होता अशी श्रद्धा आहे. अजूनही तुकाराम बीजेपासून भाविक घागरीने हा रांजण भरतात, नाथषष्ठीच्या आसपास भरतो आणि ज्याच्या घागरीने भरला त्याचा मान केला जातो.

षष्ठीला म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला दिंड्यांची प्रचंड गर्दी असते, तो सोहळा बघायचा असेल तर तेव्हाच या, पण वाडा निवांत बघायचा तर साध्या दिवशी सकाळी सकाळी. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी बाहेरच लावून चालत जा, आणि लेकरांना श्रीखंड्याची गोष्ट आधी सांगून आणा.